थर्मासचं लाल झाकण

येलदरी,
४ सप्टेंबर २०२४

चि. धम्मशीला,
आत्याचा जयभीम आणि पोटभर आशीर्वाद.

फोन करू नकोस, हे आधीच सांगते. दत्तानं माझ्या कानात जे मशीन बसवलंय, त्यातून माणसाचा आवाज येत नाही, कढईत मोहरी तडतडल्यासारखं काहीतरी येतं. परवा तू एवढं बोललीस, मी "हो, हो" म्हणत राहिले. फोन ठेवल्यावर दत्तानं विचारलं, "काय म्हनली गं धम्मा?" तर मला काही सांगता येईना. तेव्हा लिही. कान गेले तरी डोळे शाबूत आहेत.

डोळ्याचंच काम निघालंय. आपल्या उत्पलाच्या, म्हणजे दत्ताच्या लेकीच्या, उजव्या पापणीवर जन्मल्यावर थोड्याच दिवसांत लाल ठिपका आला. डास चावला असेल म्हणून सोडून दिलं. आता पोर तीन महिन्यांची होतेय आणि ठिपक्याची बोराएवढी गाठ झालीय. पापणी खाली ओढली जाते, डोळा अर्धाच उघडतो. रडली की गाठ टम्म फुगून जांभळी पडते.

गावात ज्याला त्याला वैद्यकी येते. सुनेची आई, आमच्या विहीणबाई सुलाबाई म्हणाल्या, "पोटुशी आसताना गिरनात भाजी चिरली आसंल संघप्रियानं." मी म्हटलं, "आपल्या सासऱ्यांनी छप्पन साली बौद्ध होताना गिरान पाळायचं सोडलं, तुमचं आजून सुटंना का?" तेव्हापासून त्या माझ्याशी तोंड फुगवून आहेत. मालिशवाल्या कुसुमबाईनं तर कहर केला. "नाक न्हाई का दाबून नीट करत? ही बी बसवते," म्हणाली आणि तेलाच्या अंगठ्यानं गाठ दाबायला लागली. भळकन रक्त आलं. संघप्रियानं लेकरू हिसकावून घेतलं आणि मी स्वच्छ फडकं धरून बसले. रक्त थांबलं, पण तेव्हापासून मालिश बंद आणि कुसुमबाईचं येणंही बंद.

तू लेकरांच्या ऑपरेशनच्या विभागात शिकतेस. ही गाठ कसली आहे ते मला सरळ सांग. आडवळणानं सांगू नकोस.

तुझी,
पंचफुला आत्या


छत्रपती संभाजीनगर,
११ सप्टेंबर २०२४

प्रिय आत्या,
सविनय जयभीम.

सरळ सांगते. दत्तादादानं पाठवलेले फोटो मी आमच्या सुमंगला मॅडमना दाखवले. ही रक्ताच्या बारीक नळ्यांची गाठ आहे. नळ्या गरजेपेक्षा जास्त वाढतात आणि त्यांचा गुंता होतो. कॅन्सर नाही. पुष्कळ बाळांना अशी गाठ पाठीवर, हातावर येते. पहिले काही महिने वाढते आणि मग काही वर्षांत आपोआप ओसरते. तिथं आम्ही बहुधा काहीच करत नाही. भाजीचा, ग्रहणाचा संबंध नाही. वहिनीला सांग, तिची काही चूक नाही.

पण ही पापणीवर आहे, म्हणून थांबून चालणार नाही. ह्या वयात डोळा बघायला शिकत असतो. झाकलेला राहिला तर त्याचं शिकणं राहून जातं. पुढे गाठ गेली तरी तो डोळा आळशीच राहतो.

बहुतेक बाळांना आम्ही बीपीचं एक औषध थोडं थोडं पाजतो, त्यानं गाठ आकसते. तिची छाती घरघरते का, ते मात्र आम्हाला नीट कळायला हवं, कारण तसं असेल तर ते देता येत नाही. स्वतःहून काहीही पाजू नका. तिला इथे घेऊन या. आणि कुसुमबाईला माझा नमस्कार सांग, पण लांबून.

तुझी,
धम्मशीला


येलदरी,
२० ऑक्टोबर २०२४

चि. धम्मशीला,
अनेक आशीर्वाद.

दत्ता आणि संघप्रिया बाळीला दाखवून आले. तुझ्या मॅडमनी फार आपुलकीनं पाहिलं म्हणे. बाळीला दोनदा धाप लागली होती, जिंतूरला वाफ द्यायला न्यावं लागलं होतं, ते ऐकून त्यांनी बीपीच्या औषधाला नको म्हटलं. गाठीत सुईनं औषध सोडू म्हणाल्या. दत्तानं माहितीचा कागद आणला, मी वाचला.

सध्या काही जमायचं नाही. सोयाबीन काढून पडलंय, मजूर मिळत नाहीत. पुढं दिवाळी. बाळीला सर्दी आहे. जिंतूरपर्यंतचा रस्ता तर असा की, धडधाकट माणसाचीही हाडं खिळखिळी होतात. आणि तूच लिहिलंस की गाठ आपोआप ओसरते. मग ओसरेल की. उगाच एवढ्याशा जिवाला सुया कशाला?

धरण भरलंय. दत्ताच्या जाळ्याला मासा चांगला लागतोय. तुझ्यासाठी वाळवून ठेवलाय, कुणी येणारं असेल तर पाठवते.

तुझी,
आत्या


छत्रपती संभाजीनगर,
२७ ऑक्टोबर २०२४

प्रिय आत्या,

मासे नकोत. राग आलाय, आणि तो लपवत नाही.

दत्तादादाला फोन केला तर म्हणाला, "आई नगं म्हनायलीय. मी काय करू, धम्मा?" सोयाबीनचं नाव पुढे करू नकोस, सोयाबीन घरात येऊन पडलंय असं त्यानंच सांगितलं. खरं काय ते मला कळलंय. सुईतलं औषध कॅन्सरचं आहे हे गावात फुटलं आणि लेकराला कॅन्सर झाल्याची बोलवा उठली. सुलाबाई वहिनीला म्हणाल्या म्हणे, "कॅन्सरच न्हाई तर कॅन्सरचं औषीद कशाला?"

आत्या, आपल्या घरी रॉकेल दिव्यात घालायचे आणि तेच ढेकणांवर मारायचे. म्हणून काही ढेकणाचा दिवा होत नव्हता. औषध कॅन्सरसाठी निघालं हे खरं. पण ते थोडंसं ह्या गाठीत सोडलं तर वाढलेल्या नळ्यांचं आतलं अस्तर सुकतं आणि नळ्या मिटतात. ज्या बाळांना बीपीचं औषध चालत नाही, त्यांना ह्याचा किती गुण येतो आणि कमीत कमी किती पुरतं, ह्याचाच मॅडम आणि मी अभ्यास करतोय. "अभ्यास" हा शब्द वाचून बाळीला उंदीर करायला निघालो असं वाटलं असेल तर सांगते, अभ्यासात नाव घालायची सक्ती नाही. न घालताही हाच उपचार मिळेल.

तू अंगणवाडीची बाई. लशीला नको म्हणणाऱ्या बायांना तू घराघरांतून ओढून आणायचीस, त्यांच्या नवऱ्यांच्या शिव्या खायचीस. मी लहानपणी तुझ्या मागे मागे फिरले आहे. आणि आज तूच दार लावून आत बसलीस. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मला एवढं लागलं नसतं.

धम्मशीला


येलदरी,
३ नोव्हेंबर २०२४

धम्मशीला,

पत्र वाचून मलाही राग आला. दिवाळीचे दिवस, घरात लेकरं-बाळं, म्हणून गिळला. दार लावून बसले म्हणालीस ना? मग दाराआड काय आहे ते ऐक.

मी अडाणी नाही. सुलाबाईच्या बोलण्यावर चालणारीही नाही. दत्तानं आणलेल्या कागदावर औषधाचं नाव होतं, ब्लिओमायसिन. ते मला वाचता आलं, हेच माझं दुखणं आहे.

तुझ्या मामांना, म्हणजे दत्ताच्या बाबांना, मानेत गाठी आल्या तेव्हा तू शाळेत होतीस. दत्ता वसतिगृहात होता, त्याला आम्ही फार काही कळू दिलं नाही. नांदेडला उपचार चालू होते. औषधं बाहेरून आणायला सांगायचे आणि त्यातलं हे एक परभणीच्या ओळखीच्या दुकानात मिळायचं. एवढीशी बाटली, तळाला चिमूटभर पांढरी भुकटी. दुकानदार म्हणायचा, "मावशी, थंडच राहिलं पाहिजे." म्हणून मी थर्मास घेतला होता, निळा, लाल झाकणाचा. त्यात बर्फ भरायचा, बाटली पिशवीत गुंडाळून ठेवायची आणि परभणीहून गाडीत बसायचं. चुडाव्याला गाडी क्रॉसिंगला थांबली की झाकण उघडून बघायचे, बर्फ आहे का विरघळला. डब्यातल्या बाया विचारायच्या, "कुल्फी हाय का मावशी?" मी हो म्हणायचे.

औषध सुरू झालं आणि त्यांची पाठ खाजायला लागली. रात्र-रात्र झोप नाही. "पंचफुला, जरा नख फिरव," म्हणायचे. मी फिरवायचे. जिथं जिथं नख फिरलं तिथं काळे पट्टे उठले, चाबकानं मारल्यासारखे. ते पट्टे गेले नाहीत. त्यांना शेवटची आंघोळ घालताना भावकीतल्या माणसांनी पाठ पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. माझ्याच नखांनी त्यांचं अंग जाळलं असं मला आजपर्यंत वाटतं.

त्या थर्मासातून मी त्यांचं मरण वाहून नेलं, असंही वाटतं. तो माळ्यावर आहे, टाकवत नाही आणि खालीही काढवत नाही.

तेच औषध आता त्यांच्या नातीच्या पापणीत सोडायचं म्हणता. सांग बरं, मी कोणत्या तोंडानं हो म्हणू?

आत्या


छत्रपती संभाजीनगर,
९ नोव्हेंबर २०२४

प्रिय आत्या,

माझं मागचं पत्र फाडून टाक. मी तुला ओळखलं नाही.

आधी पट्ट्यांचं सांगते. आत्या, तुझ्या नखांनी काहीही जाळलं नाही. हे औषध शिरेतून अंगभर जातं तेव्हा ते कातडीत साठतं. मग तिथं खाजवलं, घासलं, चिकटपट्टी ओढून काढली, तरी असे काळे पट्टे उठतात. आमच्या पुस्तकांत त्याचे फोटो आहेत, अगदी चाबकाच्या वळांसारखे. औषध घेणाऱ्या कुणाचीही पाठ कुणीही खाजवली असती तर तेच झालं असतं. तू त्या माणसाला रात्री थोडा आराम दिलास, बाकी काही केलं नाहीस. हे तुला तेव्हाच कुणीतरी सांगायला हवं होतं.

मामा औषधानं गेले की आजारानं, हे मी छातीठोक सांगणार नाही. मी त्यांचे कागद पाहिलेले नाहीत. त्यांच्या गाठी फार पसरल्यावर ते दवाखान्यात गेले, एवढं बाबांकडून ऐकलंय. हे औषध फार झालं तर फुफ्फुसाला त्रास देतं हेही खरं आहे, तुझ्यापासून लपवत नाही. पण बाळीला ते शिरेतून द्यायचं नाही, थेट गाठीत द्यायचं. मामांना एका वेळी जेवढं मिळायचं त्याचा दहावा हिस्साही नाही. तिची छाती पूर्ण मोकळी झाल्याशिवाय मॅडम सुई हातात धरणार नाहीत.

आणि मीही तुझ्यापासून एक लपवलं. डोळ्याच्या डॉक्टरांनी तपासलं तेव्हाच सांगितलं की उजवा डोळा मागे पडायला लागलाय. तू घाबरशील म्हणून लिहिलं नाही. डोळ्याचं तुला तेव्हाच कळलं असतं तर तूही तुझ्या मनातलं मला सांगितलं असतंस, हे आता कळतंय.

होकार दे म्हणत नाही. तू स्वतः ये. मॅडमसमोर बस आणि हवं ते विचार. तुला ऐकू येत नाही हे मी सांगून ठेवलंय, त्या प्रत्येक उत्तर कागदावर लिहून देतील. मी आता बाळीच्या बाबतीत घरचीच आहे, म्हणून तिच्या तपासणीत मी नसेन. पण बाहेर तुझ्याशेजारी बसेन.

तुझीच,
धम्मा


येलदरी,
२९ नोव्हेंबर २०२४

चि. धम्मा,

मॅडमनी लिहून दिलेली उत्तरं वाचून मीच हो म्हटलं; सुई देऊन आणलं, त्याला तीन दिवस झाले. गाठ खाली बसायच्या ऐवजी सुजलीय. डोळा सगळाच बंद झालाय. वरची कातडी काळपट पडलीय. काळं दिसलं आणि मला तुझ्या मामांची पाठ आठवली.

दत्ता म्हणतो की तुला फोन केला, फोटो पाठवला आणि तू "ठीक आहे" म्हणालीस. तो मला बरं वाटावं म्हणून सांगतो की खरंच तसं आहे, मला कसं कळावं? त्याला खोटं बोलता येत नाही, पण लेकीसाठी माणूस शिकतो. तुझ्या अक्षरात लिहून पाठव. त्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही.

कुणाला हात लावू देत नाही. तुझ्या मामांच्या जुन्या धोतराचे मोजे शिवून बाळीच्या दोन्ही हातांत घातलेत, नख लागायला नको. सुलाबाई काजळाची डबी घेऊन आल्या होत्या. डबी काढून घेतली आणि त्यांना चहा दिला.

आत्या


छत्रपती संभाजीनगर,
२ डिसेंबर २०२४

प्रिय आत्या,

माझ्याच अक्षरात, नीट वाच. हे असंच होतं. आधी सूज येते, रंग काळपट होतो, खपली धरते आणि मग गाठ हळूहळू बसते. फोटो मॅडमनी स्वतः पाहिला. ताप आला, पू दिसला, किंवा धाप लागली तर माझ्या पत्राची वाट न बघता तडक निघून या. नाहीतर घास गिळ.

धोतराच्या मोज्यांचं मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या आत्याबाईंना आपल्या वॉर्डात नोकरी द्यायला पाहिजे." खपली ओढू नका, पट्टी चिकटवू नका, बाकी तू राखण करतेसच.

एक विचारायचं राहिलं. त्या दिवशी आत बाळीला सुई देत होते तेव्हा तू बाहेर मांडीवर निळा थर्मास घेऊन बसली होतीस. चहा मागितला तर तू मान हलवलीस आणि दिला नाहीस. काय होतं गं त्यात?

तुझी,
धम्मा


येलदरी,
१६ मार्च २०२५

चि. धम्मशीला,
आत्याचा जयभीम, आणि ह्या वेळी आशीर्वाद दुप्पट.

तुझ्या त्या विचारण्याचं उत्तर इतके दिवस दिलं नाही, कारण मनात भीती होती. आता नाही. थर्मासात बर्फ होता. निघायच्या आदल्या दिवशी मीच माळ्यावरून खाली काढला, घासला आणि दत्ताला मासळीच्या पेटीतला बर्फ आणायला लावलं. तो म्हणाला, "आई, आता समदं दवाखान्यातच आसतंय." मी म्हटलं, "आसू दे." ऐनवेळी औषध बाहेरून आणा म्हणाले आणि बर्फ नसला तर? कुणी मागितला नाही. परतताना जिंतूरच्या स्टँडवर ओतून दिला, तेव्हा काही खडे शिल्लकच होते.

तीन सुया झाल्या. गाठ वाळलेल्या बोरासारखी सुरकुतलीय, लाली गेली, पापणी वर चढली. मागच्या आठवड्यात मॅडमनी कागदावर लिहून दिलं, "आता सुई नको." तो कागद घडी करून ब्लाउजात घेऊन फिरते आहे. ज्या औषधाला मी इतकी वर्षं वैरी समजत होते त्यानं माझ्या नातीचा डोळा मोकळा केला. वैर पुरतं गेलं असं म्हणत नाही. पण रामराम घालण्याइतकं जुळलंय.

आता खरी गोष्ट. डोळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की उजवा डोळा मोकळा झाला, पण आळस राहिलाय. म्हणून रोज दोन तास डावा, चांगला डोळा झाकायचा. उजव्यानं एकट्यानं काम करायचं. काल पहिला दिवस. चिकटपट्टीची मला धास्ती, म्हणून धोतराचीच मऊ पट्टी करून डोक्याभोवती बांधली, डॉक्टरांना विचारूनच. बांधताच तिनं असा टाहो फोडला की मलाही ऐकू आला.

आम्हाला एकच धाकधूक होती. हा डोळा बघतो का? की नुसता उघडा आहे? हाक मारली तर ती आवाजाकडे वळते, त्यावरून काही कळत नाही. म्हणून मी सगळ्यांना गप्प बसायला लावलं. दत्ता भिंतीला टेकून, संघप्रिया पदर तोंडात धरून. सुलाबाईसुद्धा गप्प, हे नवलच. मी बाळीसमोर बसले, थर्मासचं लाल झाकण काढलं आणि काही न बोलता तिच्यासमोर धरलं.

ती रडत होती. मग हुंदके कमी झाले. मी झाकण सावकाश डावीकडे नेलं. काही नाही. पुन्हा मधे आणलं, थांबले आणि उजवीकडे नेलं. तिचा डोळा मागोमाग आला. मी पुन्हा डावीकडे नेलं. डोळा डावीकडे आला, मागे मानही वळली, आणि धोतराच्या मोज्यातला हात पुढे करून तिनं झाकण धरलं.

घरात काय गलका झाला असेल तो झाला असेल, माझ्या कानात मोहरीच तडतडत होती. मी संघप्रियाकडे पाहिलं. तिचे ओठ मला वाचता आले, "बगायलीय, आई, बगायलीय!" दत्ता बाहेर ओट्यावर जाऊन रडला. मीही रडले, धम्मा, सगळ्यांसमोर, आणि मला बरं वाटलं. तुझे मामा असते तर म्हणाले असते, "पंचफुला, आता तरी थर्मासात चहा भर."

तसा आज भरलाय. बुद्ध पौर्णिमेला तू येणार आहेस ना? बाळी आता कुणाच्याही कडेवर जाते. कुसुमबाईचा रुसवाही गेला, पायाला मालिश करते, मानेच्या वर हात नेत नाही.

येताना चहाला एक कप घेऊन ये. झाकण काही ती परत देत नाही.

तुझी,
पंचफुला आत्या